सकाळी मलिक अंबर, संध्याकाळी नाथसागर

सहल म्हटली की आपल्याकडे ठरलेली नावं निघतात. पाहुणे आले की वेरूळ, परीक्षा संपली की बीबी का मकबरा, श्रावणात घृष्णेश्वर, आणि कुणाच्या भावाने नवी गाडी घेतली असेल तर म्हैसमाळ. आमच्या बजाजनगरात तर सगळी कारखान्याच्या निमित्ताने आलेली माणसं. कुणी बीडचं, कुणी बुलढाण्याचं, कुणी परभणीचं. यजमानांच्या पाळ्या सांभाळता सांभाळता रविवार येतो आणि जातो. आपण ज्या मुलखात संसार मांडला तो मुलूख नीट बघायचा राहूनच जातो.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात 'गुलामगिरी' हा शब्द उच्चारला की मुलं लगेच अमेरिका आणि लिंकन सांगतात. उत्तर बरोबरच असतं. पण विकत घेतलेल्या एका गुलामाने आपलं हे शहर वसवलं आणि त्याची कबर इथून तासाभराच्या अंतरावर आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून या जानेवारीत आमच्या महिला मंडळाने एक वेगळी सहल काढली. सकाळी खुलताबाद, दुपारी शहर, संध्याकाळी नाथसागरावरचे पक्षी. बरोबर दोन जाणकार घेतले. एक निवृत्त इतिहासशिक्षक आणि एक तरुण पक्षीमित्र.

"कबर आणि बदकं एकाच दिवशी? हा कुठला मेळ बाई!" असं आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलंच. मेळ आहे तो पाण्याचा. कसा, ते सांगते.

सकाळी सात वाजता निघालो. दौलताबादच्या किल्ल्यावरून घाट चढला की खुलताबाद. बहुतेक लोक इथे औरंगजेबाची कबर बघून पुढे वेरूळला जातात. आम्ही गावाच्या वायव्येला वळलो. तिथे दगडी बांधणीची, घुमटाची एक शांत इमारत उभी आहे. आत मलिक अंबर. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची कबर.

सरांनी मुलांना खाली बसवलं आणि गोष्ट सांगितली. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडे मोखा, मग बगदाद, असा हातोहात फिरला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे त्याला दख्खनेत आणून निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकलं. हा चंगीझखान स्वतः हबशी, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम. ही गुलामी ऊसमळ्यातली नव्हती, तलवारीची होती. पण विकत घेतलेल्या माणसाला आई-बाप, गाव, स्वतःचं नाव काहीच उरत नाही, ते इथेही तसंच.

"मग तो सुटला कसा?" सातवीतल्या एका मुलीने विचारलं.

चंगीझखान वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. मैत्रिणींनो, हे ऐकून मी जरा थबकलेच. एवढ्या मोठ्या इतिहासाची कळ एका बाईच्या हातात होती. तिला मात्र इतिहास 'चंगीझखानाची विधवा' एवढंच म्हणतो.

पुढचं बरंचसं आपल्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत असतं. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं, तेव्हा या माणसाने निजामशाहीच्या घराण्यातल्या एकाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. मोगलांना वीस-पंचवीस वर्षं दख्खन पचू दिली नाही. मालोजीराजे आणि शहाजीराजे त्याच्या बरोबरीने लढले. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग, की अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं कधीच हाती लागलं नाही. चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे, आणि अंबर १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात पोचून वारला.

पण माझं लक्ष त्या दुसऱ्या कबरीकडे जात होतं. चापूबरोबर त्याच बाजारांत मुलीही विकल्या गेल्या असतील. त्यांतली एखादी पेशवा होणं शक्यच नव्हतं. आणि हबसाणात कशाला जायचं? आपल्याकडे पेशवाईतल्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. दळणकांडण, शेणगोठा, वाड्यातली पडेल ती कामं करायला विकत घेतलेल्या या बायका. दुष्काळात पोट भरेना म्हणून विकलेल्या, व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारने गुलाम केलेल्या, कुणी कुणाला भेट म्हणून दिलेल्याही. १८४३ च्या कायद्याने सरकारदरबारी गुलामी मानणं बंद झालं आणि पुढे दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. शब्द मात्र राहिला. 'मी काय या घरची बटीक आहे?' असं आपण रागाच्या भरात म्हणतो ना, ती बटीक म्हणजे विकत घेतलेली दासी. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे तिथे पहिल्यांदा कळलं. बसमध्ये परत चढताना कुणी फारसं बोलत नव्हतं.

शहरात भडकल दरवाजापाशी उतरलो. १६१२ चा हा दरवाजा, मोगलांवरच्या विजयाची खूण. त्याआधी दोन वर्षं, १६१० मध्ये, अंबरने खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली. खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली तरी पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा. नदी खाम, तीही हंगामी. अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेलं पाणी हेरलं आणि ते भुयारी नहरीने शहरात आणलं. नहर-ए-अंबरी ती हीच. आधी दगडी बांधीव बोगदा, मग खापरी नळ. ना मोट, ना पंप. नुसत्या उताराने पाणी वाहायचं. ठरावीक अंतरावर उंच खांबासारखे मनोरे, त्यात पाणी चढून दाब कमी व्हायचा, अडकलेली हवा निघून जायची. सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली : पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची, लोक दोन्हींची गल्लत करतात. अंबरच्या नहरीने शहराला शतकानुशतकं पाणी दिलं. आज तिचे मनोरे कुठे घराच्या भिंतीत, कुठे झाडीत दडलेत. काही फुटलेत. आठवड्यातून एकदा नळाची वाट बघणाऱ्या शहराने असं करावं याला काय म्हणावं!

जेवण बागेत सावलीला केलं. ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. मग बिडकीनवरून पैठणचा रस्ता धरला. वाटेत ऊसतोडीच्या बैलगाड्या लागल्या. वर चिपाडं, भांडी आणि त्यांवर बसलेली पोरं. सकाळच्याच मुलीने विचारलं, "सर, आता गुलाम नसतात ना?" सर म्हणाले, "१९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला." मग थोडं थांबून त्यांनी उचल म्हणजे काय ते समजावलं. हंगामाआधी पैसे घ्यायचे आणि जोडप्याने राबून फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा. बीडच्या दोघी जणी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्याच १९७६ साली जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन इंदिरा गांधींच्या. धरण दहा किलोमीटर लांब, सत्तावीस दरवाजे. खोल दरीत नव्हे तर सपाट मुलखात बांधलेलं, त्यामुळे पाणी ताटासारखं पसरलं. हा उथळपणाच पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शिंपले, कोवळी मुळं. १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. आमच्या बजाजनगरच्या नळाला येणारं पाणीही इथलंच.

पिंपळवाडीच्या बाजूने चालत काठावर गेलो. पहिली दहा मिनिटं मुलांना काहीच दिसेना. मग दुर्बीण हातोहात फिरली आणि एकच कुजबुज सुरू झाली. पाण्यावर काळे ठिपके होते ते चांदवे. कपाळावर पांढरा टिळा असतो म्हणून त्यांना वारकरीही म्हणतात. पैठणच्या पाण्यात वारकरी असायचेच! शेकाट्याचे लाल काटकुळे पाय, थापट्याची फावड्यासारखी चोच, जोडीने बसलेले भगवे चक्रवाक. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, तीच त्यांची ओळख. आणि अगदी दूर, एक गुलाबी रेघ. रोहित पक्षी. चोच उलटी बुडवून पाणी गाळून खातात आणि त्या खाण्यानेच त्यांना रंग चढतो. सूर्य कलला तसे शंभरेक एकदम उठले. पंखांखालचा लाल-काळा रंग असा काही उघडला, की आमच्या काकू "अगो बाई" म्हणून तोंडावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. पैठणी बघायला थांबूया म्हणणाऱ्या मैत्रिणीही तेव्हा गप्प होत्या.

काठावर एक कोळीण जाळं निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, तुमचं गाव कोणतं?" तिने पाण्याकडे हात केला. "ते काय तिथं. सासऱ्याचं घर, मारुतीचं देऊळ, समदं खाली." धरणात शंभरावर गावं बुडाली, हे आकड्यात वाचणं वेगळं. अलीकडे याच पाण्यावर तरंगत्या सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प आणायचं ठरलं. मासेमारीवर पोट असलेल्या कहार समाजाच्या मंडळींनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. "पाखरं उठून दुसरीकडं जातील," मावशी म्हणाली, "आमी कुठं जावं?" तिच्याकडून आम्ही दोन किलो मासे घेतले. बसमध्ये शाकाहारी मैत्रिणींनी नाकाला पदर लावला, पण कुणी तक्रार केली नाही.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. कबरीपाशी डोकं झाकायला ओढणी किंवा पदर, आणि चपला बाहेर. नाथसागरावर भडक साड्या नकोत. मातकट, हिरवे रंग नेसा. पक्षी लांबूनच दचकतात. पायात बंद बूट हवेत, चिखल फसवा असतो. मुलांच्या मोबाइलवरची गाणी बंद, वेफर्सच्या पिशव्या परत घरी. दोन दुर्बिणी दहा जणांना पुरतात. पाण्याच्या अगदी कडेला मुलांना एकटं सोडू नका. शक्यतो जाणकार बरोबर घ्या, नाहीतर कबर म्हणजे दगड आणि बदक म्हणजे बदक.

अंबरची सगळ्यांत मोठी लढाई १६२४ मध्ये नगरजवळ भातोडीला झाली. तिथल्या तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला होता. तो तलाव अजून आहे, आणि तिथेही हिवाळ्यात पक्षी येत असतील असं आमचे पक्षीमित्र म्हणतात. पुढच्या थंडीत भातोडी ठरली आहे. मंडळाच्या वहीत सतरा नावं आली, त्यात पहिलं काकूंचं.