गाडीतली चूक आणि विमानाचा परवाना

वैमानिकाला दोन कागद जिवापाड जपावे लागतात. एक लायसन्स आणि दुसरे मेडिकल. लायसन्स शिकून, परीक्षा देऊन मिळते. मेडिकल मात्र ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते. ते नसेल तर लायसन्स खिशात असूनही विमान उडवता येत नाही. हे मेडिकल केवळ डोळे, कान आणि हृदय पाहून मिळते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर गाडी चालवताना केलेली एक चूकही त्याच्या आड येऊ शकते.

महाराष्ट्रातली अनेक मुले पायलट होण्यासाठी अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलमध्ये जातात. घरचे कर्ज काढतात, काही जण जमीन विकतात. म्हणून तिथले नियम आई-वडिलांनाही ठाऊक असावेत असे आम्हाला वाटते.

‘आपल्याकडे दारू हरामच आहे, मग हा विषय आपल्याला कशाला?’ असे कुणी विचारेल. पण घरापासून हजारो मैल दूर, एकटेपणात आणि मित्रांच्या आग्रहात चांगल्या घरातला मुलगाही घसरतो, हे डोळे मिटून नाकारण्यात अर्थ नाही. दुसरे असे की, हा विषय जितका दारूचा आहे तितकाच खरे बोलण्याचाही आहे.

साठ दिवसांचे पत्र

अमेरिकेत विमान वाहतुकीवर फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, या सरकारी संस्थेचे नियंत्रण असते. तिच्या नियमानुसार दारू किंवा नशेत गाडी चालवल्याबद्दल पायलटला शिक्षा झाली, किंवा त्याचे गाडीचे लायसन्स निलंबित वा रद्द झाले, तर त्याने ६० दिवसांच्या आत एफएएच्या सुरक्षा विभागाला लेखी कळवावे लागते.

इथे अनेक जण फसतात. एकाच रात्रीच्या घटनेतून दोन कारवाया होऊ शकतात. गाडीचे लायसन्स आधी प्रशासन निलंबित करते आणि काही महिन्यांनी कोर्टाचा निकाल येतो. दोन्ही वेळा वेगळे पत्र द्यावे लागते. ‘निकाल लागला की एकदमच कळवू’ म्हणून थांबलेला पायलट पहिल्या पत्राची मुदत चुकवून बसतो. वेगवेगळ्या घटनांतून तीन वर्षांत अशा दोन कारवाया झाल्या, तर पायलटचे लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकते.

डॉक्टरांसमोरचा फॉर्म

सुरक्षा विभागाला पत्र दिले म्हणजे काम संपले असे नाही. पुढच्या मेडिकलच्या वेळी जो फॉर्म भरावा लागतो, त्यात नशेत गाडी चालवल्याबद्दल आयुष्यात कधी अटक, शिक्षा किंवा प्रशासकीय कारवाई झाली आहे का, असा प्रश्न असतो. शिक्षाच नव्हे, अटकसुद्धा विचारलेली असते. वकिलाने खटला सौम्य कलमावर आणला तरी झालेली अटक पुसली जात नाही. आणि हे उत्तर एकदा देऊन भागत नाही, प्रत्येक मेडिकलला द्यावे लागते.

मग तपासणारे डॉक्टर कागद मागतात: पोलिसांचा अहवाल, कोर्टाचे आदेश, रक्तात किंवा श्वासात अल्कोहोल किती होते त्याची नोंद. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडी चालवण्यासाठी मर्यादा ०.०८ टक्के आहे. आकडा ०.१५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा पायलटने चाचणीलाच नकार दिला असेल, तर डॉक्टर स्वतः मेडिकल देऊ शकत नाहीत. प्रकरण एफएएकडे जाते, व्यसनतज्ज्ञांकडून तपासणी होते आणि महिने उलटतात. तोवर तो पायलट जमिनीवरच राहतो. चाचणीला नकार दिला तर पुरावा राहणार नाही, हा हिशोब इथे उलटा पडतो.

एवढी कडक चौकशी कशासाठी? कारण एफएएला त्या एका रात्रीपेक्षा मोठा प्रश्न पडलेला असतो. ही एकदाची घसरण होती की व्यसनाची खूण? भरपूर दारू अंगात असूनही जो माणूस उभा राहून गाडी चालवू शकतो, त्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असू शकते. शेकडो प्रवाशांचा जीव ज्याच्या हाती सोपवायचा, त्याच्याबद्दल ही शंका मनात ठेवून चालत नाही.

लपवले तर

मेडिकलच्या फॉर्मवर सही करताना पायलट नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर तपासण्याची परवानगी एफएएला देतो. गाडीचे लायसन्स निलंबित वा रद्द झालेल्या चालकांची माहिती या नोंदवहीतून मिळते. त्यामुळे ‘नाही’ लिहून विषय झाकला जाईल ही आशा फोल आहे.

खोटे उत्तर उघड झाले तर केवळ मेडिकल नव्हे, पायलटची सगळी प्रमाणपत्रे रद्द होऊ शकतात. शिवाय सरकारला खोटी माहिती दिल्याचा फौजदारी गुन्हा वेगळाच. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जी घटना खरे सांगितले असते तर कदाचित काही महिन्यांच्या खोळंब्यावर निभावली असती, ती खोट्यामुळे संपूर्ण करिअर घेऊन जाते.

परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक धोका आहे. २०१५ पासूनच्या धोरणानुसार नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिका व्हिसा रद्द करू शकते. कोर्टाचा निकाल लागण्याची वाट पाहिली जात नाही.

परतीचा रस्ता

८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ विमान फार्गोहून मिनियापोलिसला निघाले. कॉकपिटमधले तिघेही आदल्या रात्री भरपूर प्यायले होते. विमान सुखरूप उतरले, पण तिघांना अटक झाली. कॅप्टन लाइल प्राउज यांना १६ महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी, लायसन्स, अब्रू, सगळे गेले. ही गोष्ट गाडीची नव्हे, थेट विमानाची होती, म्हणून कितीतरी गंभीर.

प्राउज यांनी आपण दारूच्या आहारी गेलो आहोत हे मान्य केले. उपचार घेतले, तुरुंग भोगला आणि सगळ्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या. त्याच कंपनीने १९९३ मध्ये त्यांना परत घेतले. १९९८ मध्ये ते बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली.

ही वाट एकट्या प्राउज यांच्यासाठी नव्हती. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत पायलटांची संघटना, विमान कंपन्या आणि एफएए मिळून ‘हिम्स’ नावाचा कार्यक्रम चालवतात. त्यात उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहणे, अचानक होणाऱ्या चाचण्या आणि वर्षानुवर्षांची देखरेख असते. हजारो पायलट या वाटेने पुन्हा कॉकपिटमध्ये गेले आहेत. आपण ज्याला तौबा म्हणतो, तिच्यातही चूक कबूल करणे आधी येते. आणि ज्यांच्याशी व्यवहार आहे त्यांचा हक्क त्यानंतर चुकवावाच लागतो.

आपल्याकडे

भारतात विमान चालवण्याबाबतचे नियम अमेरिकेपेक्षाही कडक आहेत. तिथे उड्डाणापूर्वी आठ तास दारू वर्ज्य, इथे बारा. इथल्या ब्रेथ अॅनालायझर चाचणीत अल्कोहोल शून्यच यावे लागते. पहिल्यांदा आढळले तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे लायसन्स निलंबित, तिसऱ्यांदा कायमचे रद्द. २०१८ मध्ये एअर इंडियाच्या संचालन विभागाच्या प्रमुखांचेच लायसन्स असे तीन वर्षांसाठी निलंबित झाले होते. अल्कोहोल असलेले माउथवॉशसुद्धा विमान कर्मचाऱ्यांना चालत नाही. दारूला कधी हात न लावणाऱ्यानेही खोकल्याच्या औषधाची बाटली वाचून घ्यावी, ती यासाठी.

रस्त्यावरचा कायदाही सैल नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

घरच्यांनी काय करावे?

समजा, दूरदेशी शिकणाऱ्या मुलाचा रात्री फोन आला, ‘अब्बा, पोलिसांनी पकडलंय.’ त्या क्षणी आपल्या तोंडून काय निघेल यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. ‘कुणाला कळू देऊ नकोस, खानदानाची अब्रू जाईल’ हे बहुधा पहिले वाक्य असते. तेच सर्वांत महाग पडते.

दुसऱ्याचा ऐब झाकावा अशी शिकवण आपल्याला आहे आणि ती चांगलीच आहे. मोहल्ल्यात चर्चा करायची काहीच गरज नाही. पण ज्याच्या हाती प्रवाशांच्या जिवाची अमानत येणार, त्याने ती सोपवणाऱ्यापासून सत्य लपवणे म्हणजे ऐब झाकणे नव्हे. ती खयानत आहे.

म्हणून मुलाला सांगा: वकिलाला पहिल्याच भेटीत आपण पायलट आहोत किंवा होणार आहोत हे सांग. प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेव. साठ दिवसांची तारीख भिंतीवर लिहून ठेव. फॉर्मवर खरे तेच लिही. आणि नशेची सवय लागली असेल तर उपचार घे, आम्ही तुझ्यासोबत आहोत.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या मुलाला घरी खरे सांगायची भीती वाटते, तो फॉर्मवरही खरे लिहायला कचरतो.