हरवलेली किल्ली

किल्ली ही वस्तु दिसावयास लहान. परंतु ती हरवली म्हणजे आपल्याच घरांतील वस्तु आपणांस परकी होऊन बसते. ह्याचा प्रत्यय आम्हांस गेल्या ज्येष्ठांत आला.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्याच्या एका खेड्यांत सुतारकाम करितात. आम्ही सहज त्यांचे घरीं गेलों, तों मंडळी चिंतेंत बसलेली. मृग चार दिवसांवर आलेला, दारांत तीन शेतकऱ्यांच्या तिफणी दुरुस्तीस पडलेल्या, आणि हत्यारांच्या पेटीची किल्ली आठवड्याच्या बाजारांत कोठें तरी गळून पडलेली! वाकस, पटाशा, गिरमिट, करवत, सर्व कांहीं आंत. पेरणीची वेळ गेली तर शेतकऱ्याचें वर्ष जाई, आणि सुताराचें गिऱ्हाईक.

मुलगा म्हणाला, "बाबा, लोहाराचा घण आणतों, दोन घावांत कुलूप फुटेल." वडील म्हणाले, "कुलूप फुटेल तेव्हां फुटेल. पण आंत तुझ्या आजोबांचा रंधा आहे. कुलूप नवें मिळेल, तो रंधा मिळावयाचा नाहीं."

त्यांचें म्हणणें बरोबर होतें. तें कां, हें समजण्यासाठीं कुलुपाच्या पोटांत काय असतें तें पाहिलें पाहिजे. चांगल्या कुलुपांत पितळेच्या कांहीं पातळ पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असून प्रत्येकीवर स्प्रिंगेचा दाब असतो. प्रत्येक पट्टीस एक खांच असते. किल्लीचे दाते त्या पट्ट्या नेमक्या तेवढ्याच उचलतात. सर्व खांचा एका ओळींत आल्या म्हणजेच आंतील अडसर सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली तरी अडते, अधिक उचलली तरी अडते. ही युक्ति रॉबर्ट बॅरन नांवाच्या इंग्रज कारागिरानें १७७८ सालीं काढली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस लालबागेंत कुलुपें करण्यास आरंभ केला. अशा कुलुपावर घण घातला तर पट्ट्या वांकतात व अडसर अधिकच घट्ट बसतो. शिवाय प्रत्येक हादरा आंतील हत्यारांच्या धारेस पोंचतो.

तथापि अजिंक्य कुलूप जगांत नाहीं. १८५१ सालीं लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें ब्रॅमा यांचें प्रख्यात कुलूप किल्लीवांचून उघडून २०० गिनींचें बक्षीस मिळविलें. परंतु त्यास १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावें लागलें! आमच्या सुतारास तेवढा अवकाश कोठला?

म्हणून त्यांनीं कुलुपाकडे पाठ फिरविली आणि पेटीच्या पाठीकडे पाहिलें. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या अंगास होते. पेचकसहि पेटींतच अडकलेला. तो शेजारच्या लोहाराकडून आणविला. स्क्रू गंजलेले होते. त्यांनीं खिळ्याच्या टोंकानें प्रथम त्यांच्या खांचा स्वच्छ केल्या, रॉकेलाचे थेंब सोडले, आणि घटकाभर स्वस्थ बसले. आम्हांस वाटलें, एवढी घाई असतां हे बसले कां? परंतु गंजांत तेल मुरावयास वेळ लागतो. जोर केला तर स्क्रूची खांच झडते व मग कांहींच उपाय उरत नाहीं. नंतर त्यांनीं स्क्रू आधीं किंचित् आंवळून गंजाची पकड मोडली व मग उलटे फिरविले. आठहि स्क्रू निघाले. झांकण मागच्या बाजूनें उचललें. पुढचा कडी-कोयंडा हाच आतां बिजागरी झाला. रंधा जसाच्या तसा हातीं आला, आणि मृग लागण्यापूर्वीं तिन्ही तिफणी आपापल्या घरीं गेल्या.

संध्याकाळीं मुलाच्या मुखावर आनंद होता. वडील मात्र विचारांत होते. ते म्हणाले, "जी पेटी मला घटकेंत उघडतां आली, ती चोरासहि उघडतां येईल." दुसरे दिवशीं त्यांनीं स्क्रूंच्या जागीं आरपार बोल्ट घालून त्यांच्या चाक्या आंतल्या बाजूस आंवळल्या. वाशीमच्या बाजारांतून दोन किल्ल्यांचें नवें कुलूप आणलें. एक किल्ली कमरेच्या करगोट्यास बांधली व दुसरी भावाच्या घरीं ठेविली.

ह्यावरून तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली, अडचणींत सर्वांत कमी मोडतोड होईल तो उपाय आधीं योजावा. दुसरी, कुलूप कितीहि भक्कम असलें तरी पेटीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या जागेएवढेंच असतें. तिसरी, दुसरी किल्ली त्याच घरांत ठेवूं नये आणि त्याच जुडग्यांत तर मुळींच नाहीं.

आणखी एक. ही विद्या आपल्या स्वतःच्या पेटीपुरतीच आहे. दुसऱ्याची पेटी उघडावयाची तर मालक समोर असावा, व त्याची अनुज्ञा असावी. त्यावांचून पेचकसास हात लावूं नये.