घरच्या ध्वनिमुद्रणाची खोली

आजीच्या तोंडच्या ओव्या घरींच मुद्रित करावयाच्या, आणि शब्द घुमून अर्थच हरपावा, असें पुष्कळदां घडतें. उघड्या भिंतींवरून परतलेला नाद मूळ शब्दांत मिसळतो. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहाच्या याच दोषाचें संशोधन वॉलेस सॅबाइन यांनीं हातीं घेतलें. आसनांवरील गाद्या आंत आणून मांडतांच नादाचें घुमणें ओसरूं लागलें. मऊ, सच्छिद्र वस्तु नाद गिळते. पण पातळ पडदा केवळ उंच स्वर शमवितो, खर्ज राहतोच. यास्तव मोठ्या खर्चांत न पडतां जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटें अंतर सोडून टांगाव्या, कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या कराव्या. बाहेरचा गलबला मात्र गोधडी अडवीत नाहीं. त्यासाठीं दारांखिडक्यांच्या फटी बुजवाव्या व पहांटेची शांत वेळ साधावी.