हबचे दिवे वाचायला शिकू या



आज आम्ही एका लहानशा डबीबद्दल बोलणार आहोत. आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयात जाऊन बघा. कपाटामागे किंवा खिडकीच्या कट्ट्यावर एक काळी नाहीतर पांढरी डबी असेल. तिला पाच-सात वायरी लावलेल्या, बारीक दिवे लुकलुकणारे आणि वर धुळीचा थर. तिला सगळे ‘हब’ म्हणतात. कार्यालयातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर या डबीतून एकमेकांशी बोलतात. ती अडली की सगळे कार्यालय अडते.

आमचे तसेच झाले होते. ते आधी सांगतो.

जूनचा पहिला आठवडा होता. पेरणी तोंडावर आलेली. नऊ गटांच्या कर्जाची कागदपत्रे बँकेला ऑनलाइन पाठवायची होती. सकाळी कार्यालय उघडले, तर एकाही कॉम्प्युटरवर इंटरनेट नाही. प्रिंटर चालेना. लेखापाल ताईंच्या कॉम्प्युटरमधला हिशेब दुसऱ्या टेबलावर उघडेना. तालुक्याहून दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो चौथ्या दिवशी आला. “हब जळालाय,” म्हणाला, नवा बसवला आणि पैसे घेऊन गेला. काम सुरू झाले. पण त्या चार दिवसांत आमच्यातल्या काही जणींनी बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले होते. त्याचे व्याज त्या दिवाळीपर्यंत फेडत होत्या.

पावसाळ्यानंतर आमच्या एका सदस्येची आयटीआय शिकलेली मुलगी कार्यालयात आली. कोपऱ्यात पडलेला जुना हब तिने लावून पाहिला, तर तो ठणठणीत चालला! मग त्या दिवशी झाले होते काय? एकमेकींना विचारता विचारता उलगडा झाला. आदल्या दिवशी सीआरपी ताई लॅपटॉप घेऊन गावात गेल्या होत्या. लॅपटॉपची वायर मोकळी लोंबत होती. झाडताना ती पायात येऊ नये म्हणून तिचे सुटे टोक कोणीतरी हबमध्येच रिकाम्या जागी खोचून ठेवले. दुसरे टोक आधीपासून हबमध्ये होतेच. एकाच वायरीची दोन्ही टोके एकाच हबमध्ये गेली आणि सगळे काम ठप्प झाले. दुरुस्तीवाल्याने नवा हब लावताना लागणाऱ्या वायरी तेवढ्याच जोडल्या, म्हणून ते सुरू झाले.

यात झाडणारीचा दोष नाही. आमच्यात कोणालाच ते ठाऊक नव्हते. एका वायरीचे टोक उपसले असते तर कागदपत्रे त्याच दिवशी गेली असती. तेव्हाच आम्ही ठरवले, की ही डबी आपणच समजून घ्यायची.

डबीत चालते काय?

जुन्या काळचा खरा हब म्हणजे दवंडी. एका कॉम्प्युटरने प्रिंटरसाठी काही पाठवले, की हब ते जोडलेल्या सगळ्यांकडे ओरडून सांगायचा. ज्याचे असेल त्याने घ्यावे, बाकीच्यांनी सोडून द्यावे. आता दुकानात मिळतो तो बहुधा ‘स्विच’. आपण त्यालाही हबच म्हणतो, पण तो पोस्टमनसारखा असतो. कोणत्या वायरीच्या टोकाला कोण बसले आहे हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचे त्याच्याच दारात देतो.

हा फरक आपल्या कामाचा आहे. आपल्या कॉम्प्युटरमध्ये बायांचे आधार क्रमांक, पासबुकच्या प्रती, कोणावर किती कर्ज आहे ही माहिती असते. दवंडीवाल्या हबमध्ये ती जोडलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर बसून वाचता येऊ शकते. तुमच्याकडे खरोखरच फार जुना हब असेल, तर पुढच्या खर्चाच्या यादीत स्विच लिहा.

मग वायरीची दोन्ही टोके एकाच डबीत गेली तर काय होते? कॉम्प्युटर अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाका मारत असतात. ‘प्रिंटर कुठे आहे?’ अशी हाक समजा. ती हाक वायरीच्या एका टोकातून बाहेर पडते, दुसऱ्या टोकातून डबीतच परत येते आणि पुन्हा सगळ्यांकडे जाते. असे सेकंदाला हजारो वेळा होते. त्या गोंधळात खऱ्या कामाला वाटच मिळत नाही. साध्या स्विचला हे थांबवता येत नाही. ओळखायची खूण एकच. सगळे दिवे एकदम, न थांबता, वेड्यासारखे लुकलुकतात.

आणखी एक गोष्ट. हब इंटरनेट आणत नाही. इंटरनेट आणते ते राउटर, बहुधा दोन-तीन काड्यांसारखे अँटेना असलेले. राउटरमधून एक वायर हबला येते आणि हबमधून सगळ्या टेबलांना फुटते. टाकी, मुख्य पाइप आणि घरोघरचे नळ असा क्रम ध्यानात ठेवा.

बसवताना काय पाहावे

आधी मोजा. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि राउटरची एक वायर, म्हणजे सहा जागा झाल्या. या जागांना पोर्ट म्हणतात. सहा लागत असतील तर आठ पोर्टचा हब घ्या. पुढे एखादे यंत्र वाढतेच.

जागा उंचावर आणि कोरडी असावी. गळक्या भिंतीखाली नको, चुलीजवळ नको, बंद पेटीत कोंडूनही नको. हब गरम होतो, त्याला वारा लागतो.

वायर विकत घेताना ‘कॅट ६’ किंवा ‘कॅट ५ ई’ मागा आणि शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. स्वस्त वायरीत आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. बारीक तार चाकूने खरवडून पाहा. आतून पांढरी दिसली तर ती ॲल्युमिनियमची. ती लवकर तुटते. हबपासून कॉम्प्युटरपर्यंत एकसलग १०० मीटरपर्यंत वायर चालते.

ही वायर विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीत घालू नका. वेगळी पट्टी लावा. कोपऱ्यात करकचून वाकवू नका. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. हबकडे ३ आणि टेबलाकडेही ३. आमच्याकडे हे आधी असते, तर जूनमधला घोळ दोन मिनिटांत सापडला असता.

वायरीच्या आत आठ रंगीत तारा असतात, दोन-दोनचा पीळ घातलेल्या. टोकाला प्लग बसवताना रंगांचा क्रम असा लावतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. प्लग दाबायची पक्कड आणि तपासायचा टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीने लागले म्हणजे वायर चांगली. एखादा दिवा गाळला तर ती तार तुटली किंवा नीट बसली नाही. आमच्यातल्या तिघींनी हे एका दुपारी शिकून घेतले. पहिले चार प्लग वाया गेले, पाचवा बसला.

रोज सकाळी पाच मिनिटे

आपण गटाच्या बैठकीचे इतिवृत्त लिहितो, बचतीची वही लिहितो. तशीच एक वही हबशेजारी दोरीने बांधून ठेवा. तिच्यात सहा रकाने आखा: तारीख, वेळ, किती दिवे लागले, राउटरचे उत्तर आले का, बाहेरचे उत्तर आले का आणि काय केले.

पहिले काम दिवे मोजण्याचे. कॉम्प्युटर सुरू केल्यावर त्याच्या पोर्टचा दिवा लागला पाहिजे. स्थिर दिवा म्हणजे जोडणी आहे. लुकलुकतो म्हणजे ये-जा चालू आहे. दिवा लागलाच नाही, तर प्लग काढून कट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. तरी लागला नाही, तर चालू असलेल्या दुसऱ्या टेबलाची वायर लावून पाहा. दिवा लागला तर दोष वायरीत. नाहीच लागला तर पोर्ट बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते.

दुसरे काम हाक मारून पाहण्याचे. कॉम्प्युटरच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात पी, आय, एन, जी म्हणजे ‘पिंग’ असे टाइप करा, एक जागा सोडा आणि राउटरचा पत्ता लिहा. तो पत्ता बहुधा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, १९२.१६८.१.१ असा काहीतरी. आकडे इंग्रजीत लिहायचे. एंटर दाबले की कॉम्प्युटर राउटरला चार हाका मारतो. ‘रिप्लाय’ अशी चार ओळी आल्या, तर आपल्या घरातली सगळी वाट नीट आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर हाक मारली पण उत्तर नाही.

मग तशीच दुसरी हाक बाहेर मारा. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता आहे, लक्षात ठेवायला सोपा.

आता यावरून काय कळते ते नीट ऐका. राउटरचे उत्तर आले, पण बाहेरचे आले नाही, तर आपला हब, आपल्या वायरी, आपले कॉम्प्युटर सगळे ठीक आहेत. दोष राउटरच्या पलीकडे, बहुधा इंटरनेट देणाऱ्याकडे आहे. राउटर एकदा बंद करून चालू करा आणि तरी जमले नाही तर त्याच्याकडे तक्रार नोंदवा. दुरुस्तीवाल्याला पैसे देऊन हब बदलू नका. आणि एकाच टेबलावरून राउटरचे उत्तर येत नसेल, बाकी सगळ्यांवरून येत असेल, तर दोष त्या एका वायरीत, पोर्टात किंवा कॉम्प्युटरमध्ये शोधा.

वहीने आम्हाला काय दाखवले

वही महिनाभर लिहिल्यावर आम्हाला एक गोष्ट दिसली. आठवड्यातून तीन-चार वेळा, साधारण अकराच्या सुमारास, दोन मिनिटे सगळे बंद पडत होते. आम्ही नशिबाला दोष देत होतो. वेळा एकाखाली एक लिहिलेल्या पाहिल्यावर उमगले. त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू होते. मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जाते, हब आणि राउटर क्षणभर विझतात आणि पुन्हा उठायला वेळ घेतात. आम्ही दोन्ही डब्या कार्यालयातल्या इन्व्हर्टरवर घेतल्या. त्रास थांबला.

दुसरी गोष्ट चार नंबरच्या टेबलाची. तिथे काम होई, पण फार हळू. टेस्टरवर सातवा दिवा लागेना. खुर्चीचा पाय वायरीवर येत होता. या हबवर १००० च्या वेगाला आठही तारा लागतात, पण १०० च्या वेगाला चारच पुरतात. म्हणून वायर अर्धी मेली तरी काम रडतखडत चालते आणि कोणाला संशय येत नाही. नवी वायर टाकली, या वेळी भिंतीकडून.

एवढे मात्र सांभाळा

विजा कडाडू लागल्या की हब आणि राउटरचा विजेचा प्लग काढा आणि बाहेरून येणारी तांब्याची वायरही सोडवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. समोरच्या इमारतीत जोडणी न्यायची असेल, तर उघड्यावरून तांब्याची वायर ताणू नका, तिच्यातून वीज आत येऊ शकते. तिथे काचेच्या तारेची, म्हणजे फायबरची जोडणी मागा. हबचा अडॅप्टर दुसऱ्या यंत्राला आणि दुसऱ्याचा हबला लावू नका. दिसायला सारखे असले तरी व्होल्ट वेगळे असतात. अडॅप्टरवरही नंबर चिकटवा.

राउटरचा मूळ पासवर्ड बदला. नवा पासवर्ड भिंतीवर लिहू नका. बंद पाकिटात घालून अध्यक्षांच्या सहीने तिजोरीत ठेवा. अनोळखी माणूस लॅपटॉप आणून रिकाम्या पोर्टात वायर खोचू लागला, तर आधी विचारा, “दादा, काय काम आहे?”

आणि कोणतीही वायर मोकळी दिसली, तर तिचे दुसरे टोक कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कुठेही खोचू नका. हे झाडणाऱ्या ताईंनाही सांगा आणि अध्यक्षांनाही सांगा.

दुरुस्तीवाल्याची गरज पुढेही पडेल. पण आता तो आला की आम्ही वही पुढे ठेवतो. काय झाले, कधी झाले, आम्ही काय तपासले, सगळे लिहिलेले असते. “हब जळाला” म्हणाला, तर आम्ही म्हणतो, “भाऊ, दुसरी वायर लावून दाखवा बरं.”

तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. तिघींची नावे ठरवा, प्रत्येकीकडे दोन-दोन वार द्या. पहिल्या दिवशी एवढेच करा. वायरींना नंबर चिकटवा आणि दिवे मोजून वहीत लिहा. पुढची पेरणी तोंडावर येईल, तेव्हा आपली कागदपत्रे एका वायरीच्या टोकापायी अडायला नकोत.