इंजिनिअरची सही

मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की "इंजिनिअरिंगला घालायचे" असे घरात ठरते, आणि मग बोलणे होते ते कॉलेजचे, फीचे आणि पुढच्या पगाराचे. त्या चार वर्षांत काय शिकावयाचे असते आणि नंतर रोज उठून काय करावयाचे असते, हा प्रश्न सहसा निघत नाही. आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी चढण्याचा योग आम्हांस आला नाही. जे वाचले ते रात्री, दिव्याखाली. परंतु इंजिनिअरने कागदावर ओढलेली रेघ शेवटी ज्यांच्या हातांवर येऊन पडते, त्या माणसांत आमची हयात गेली. तेव्हा या विद्येविषयी त्या बाजूने चार शब्द सांगतो.

पॉवर प्रेसचेच उदाहरण घेऊ. मोटारीचे, पंख्याचे, कपाटाचे पत्र्याचे भाग या यंत्रावर निघतात. मोटर एक जड चाक सारखे फिरवीत ठेवते. क्लच लागला की चाकात साठलेला जोर रॅमला मिळतो, रॅम खाली येतो आणि दोन डायांमध्ये पत्रा कापला जातो. कामगाराने पत्रा ठेवावा, जॉब काढावा, पुन्हा पत्रा ठेवावा, पाळीभर हेच. धोकादायक भागाला कुंपण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर घातले. पण एखाद्या प्रेसला कसले कुंपण आणि किती अंतरावर, हे कलम वाचून कळत नाही. ते इंजिनिअरला काढावे लागते.

हल्ली प्रेसपुढे प्रकाशकिरणांचा पडदा बसवितात. हात किरणांत शिरला की यंत्राला थांबण्याचा हुकूम जातो. परंतु हुकूम मिळताच यंत्र थांबत नाही; क्लच सुटावा लागतो, ब्रेक लागावा लागतो. समजा, त्याला ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हात किती पुढे जाईल? हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरण्याचा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे ४०० मिलिमीटर. पडदा डायपासून निदान तितका दूर हवा. किरणांमधल्या फटी रुंद असतील तर आणखी दूर, कारण हात ओळखला जाण्यापूर्वीच बोटे आत गेलेली असतात.

हा गुणाकार शाळेतले पोर करील. इंजिनिअरिंगचे शिक्षण आहे ते त्या ०.२ मध्ये. तो आकडा कुठून आला? रॅमचे वजन व वेग किती, हे गतिशास्त्राने कळते. ब्रेकचे अस्तर कसे झिजते हे कळायला घर्षण आणि धातू यांचा अभ्यास लागतो. वीज तुटायला लागणारा वेळ हा विद्युतशास्त्राचा भाग, आणि मोजणाऱ्या उपकरणाची स्वतःची चूक किती, हा मापनशास्त्राचा. पहिल्या वर्षीचे ते रुक्ष वाटणारे गणित या सर्वांच्या मुळाशी असते. शिवाय जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की फेरा पुरा झाल्याशिवाय रॅम थांबतच नाही. तिथे हा महागडा पडदा म्हणजे दारावरचे तोरण! तिथे बोट शिरणारच नाही अशी जाळी हवी. कुठे काय चालणार नाही हे ओळखणे, हे आमच्या मते या विद्येचे अर्धे अंग आहे.

आमच्या माहितीच्या एका कारखान्यात नुकत्याच लागलेल्या एका मुलीने प्रेसचा थांबण्याचा वेळ पुन्हा मोजला. तो ०.२ चा ०.३ झाला होता. अस्तर झिजले होते. पडदा ४०० वर, आणि हवा होता ६०० वर. महिनाअखेर होती, माल जायचा होता. तिने यंत्र बंद ठेवण्याच्या कागदावर सही केली आणि चार दिवस वरिष्ठांची बोलणी खाल्ली. परीक्षेच्या पेपरात हा प्रश्न येत नाही. नोकरीत मात्र हरघडी येतो.

आता दुसरी बाजू. दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय चालू न होणारे प्रेस असतात. पुष्कळदा त्यांतले एक बटण काठीने दाबून बांधलेले सापडते, आणि साहेब म्हणतात, "कामगार बेफिकीर!" तो बेफिकीर नसतो, त्याचा पगार नगावर असतो. चांगल्या रचनेत दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक फेऱ्यानंतर सोडावी लागतात. मग काठी निकामी होते. पण असली रचना सुचण्यासाठी इंजिनिअरने यंत्राबरोबर मजुरीचा दरही पाहिलेला असावा लागतो. तो विषय अभ्यासक्रमात आम्हांस फारसा आढळला नाही.

पुण्यातला इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ साली निघाला तो सरकारी बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करण्याकरिता. त्याचेच पुढे कॉलेज झाले आणि २०२२ साली विद्यापीठ. मधल्या काळात, हुकूम देणारा शिकलेला आणि हत्यार धरणारा अडाणी, अशी एक भिंत मात्र सगळीकडे उभी राहिली. फिटरच्या व्हाइसपुढे उभे राहून लोखंडाचा तुकडा कानसीने काटकोनात आणताना विद्यार्थ्याच्या हाताला फोड येतात, ते आम्हांस फार मोलाचे वाटतात. ड्रॉइंगवर सपाटपणा लिहायला एक खूण पुरते. तो आणायला दुपार जाते.

उलट दिशेने जाण्याचीही वाट आहे. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षे केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी सांभाळून इंजिनिअर्स संस्थेची परीक्षा देण्याची जुनी वाटही होती; पण ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदविणाऱ्यांच्या त्या पात्रतेला पदवीची सरकारी मान्यता उरली नाही. उरलेल्या वाटेवर अडते ते पाळीपाशी. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, अशा माणसाने संध्याकाळचा वर्ग गाठावा कसा? म्हणून करार करताना, शिकणाऱ्या कामगाराला वर्ग असेतोवर पाळी बदलू नये, अशी एक ओळ आम्ही मागतो. पगारवाढीच्या कलमांपेक्षा ती मिळवायला अधिक बैठका लागतात.