वाणी, घास आणि मज्जातंतू

ज्या घशाने आपण बोलतो त्याच घशाने गिळतो. श्वासाची आणि अन्नाची वाट तेथे एकमेकींना छेदतात, म्हणून भाकरीचा प्रत्येक घास उतरताना श्वासनलिकेचे दार क्षणभर मिटावे लागते. ही व्यवस्था मज्जातंतूंच्या हाती आहे. मेंदूतून त्यांच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकी पाचच आज आपल्या कामाच्या.

या पाचांची ओळख करून घेण्यास आपली वर्णमाला फार सोयीची आहे. प-वर्ग ओठांचा, आणि ओठ हलवते सातवी जोडी. 'त', 'ट', 'ल' यांना जिभेचा शेंडा लागतो. जीभ बाराव्या जोडीच्या ताब्यात. मऊ टाळू आणि स्वरतंतू यांची धनीण दहावी. पाचवी चावण्याचे काम पाहते, नववी घशातील स्पर्श मेंदूस कळवते. रोग्यास 'पापड', 'लाल', 'काका' म्हणावयास सांगितले, की कोठे अडते याचा बराच अंदाज येतो.

टाळू लुळी पडली की हवा नाकातून निसटते. मग 'बाबा'चा 'मामा' होतो, 'दादा'चा 'नाना'. घरची माणसे म्हणतात, सर्दी झाली असेल. पण चोंदलेल्या नाकाने नेमके उलटे होते, 'मामा'चाच 'बाबा' होतो! घटसर्पातून उठलेल्या मुलाचे बोलणे काही आठवड्यांनी असे गेंगाणे झाले आणि पिलेले पाणी नाकातून आले, तर ते त्या रोगाच्या विषाने मज्जातंतूंवर केलेले काम समजावे.

नावात सर्प असलेल्या रोगाकडून आता खऱ्या सर्पाकडे येऊ, कारण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेतवस्त्यांना हे ज्ञान तेथेच अधिक उपयोगी आहे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. वेदना नाममात्र, सूज बहुधा नाहीच. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, शब्द गेंगाणे येतात, लाळ गिळवत नाही. येथे मज्जातंतू तुटलेला नसतो. त्याचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचणे विषाने थांबवलेले असते. पुढची पाळी श्वासाच्या स्नायूंची.

अशा वेळी ठिकठिकाणी कडुलिंबाचा पाला चारून तो कडू लागतो का, हे पाहतात. ही परीक्षा निरर्थक आहे. चव कळवणारे तंतू निराळे. या विषाचा मारा स्नायूंना हलवणाऱ्या तंतूंवर. पाला कडू लागेल, घरचे निर्धास्त होतील, आणि तोच पाला गिळता न आल्याने श्वासनलिकेत उतरेल. पाणी, दूध, तूप यांचीही तीच गत.

तोंडात काही घालू नये. लाळ बाहेर वाहावी म्हणून रोग्यास कुशीवर निजवावे आणि तसेच सरकारी रुग्णालयात न्यावे. तेथे प्रतिविष मिळते. श्वास थांबू लागला तर तो यंत्राने चालू ठेवता येतो. वाटेत रोग्याशी बोलत राहावे आणि शब्द कोणत्या वेळी बिघडले ते लक्षात ठेवावे. डॉक्टर प्रथम तेच विचारतील.