मुंबईच्या कापड बाजारात खरेदीला जाताना

पनवेल एकेकाळी बंदर होते आणि खाडीतून मुंबईशी व्यापार चाले. आता हार्बर लोकलने सव्वा तासात मस्जिद स्टेशनवर उतरता येते. तरीही छोट्या दुकानदाराचा किंवा शिवणकाम करणाऱ्या कारागिराचा त्यात एक दिवस जातो. तो दिवस वसूल व्हायचा असेल तर बाजाराची रचना माहीत हवी.

स्टेशनवरून पश्चिमेकडे चालत गेल्यास क्रॉफर्ड मार्केट लागते. 1869 साली बांधून झालेल्या या इमारतीचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. येथे फळे, सुकामेवा मिळतो. कापड पुढे शेख मेमन स्ट्रीटला. खूण म्हणजे 1802 साली पूर्ण झालेली जामा मस्जिद. तिच्याजवळच मंगलदास मार्केट आहे. ड्रेस मटेरियल, शर्टिंग, कटपीस येथे थोड्या मापातही मिळतात. अस्तर, लेस, बटणे आसपासच्या गल्ल्यांत. त्याच रस्त्याने झवेरी बाजाराकडे गेले की 1874 पासूनचे मुळजी जेठा मार्केट. हा घाऊक बाजार, येथे व्यवहार ताग्यांचा होतो. ज्याला दहा मीटर हवे त्याने मंगलदासमध्येच थांबावे.

भाव करताना आधी पन्हा विचारावा. समजा, 36 इंची कापड 100 रुपये मीटर आणि 58 इंची 130 रुपये मीटर आहे. पूर्ण बाहीच्या शर्टाला पहिले सुमारे सव्वादोन मीटर लागते, म्हणजे 225 रुपये. दुसरे 1.60 मीटर पुरते, म्हणजे 208 रुपये. महाग दिसणारे कापडच स्वस्त पडले. तागा उलगडून उजेडात पाहावा. डाग, तुटलेला धागा, रंगातील फरक तेथेच दिसतो. रंग मिळवायचा असेल तर नमुन्याचा तुकडा सोबत न्यावा.

2017 पासून जीएसटी आहे. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी आपला नंबर घातलेले पक्के बिल घ्यावे, नाहीतर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. बिलावर मीटर आणि दर स्वच्छ लिहून घ्यावेत.

रविवारी बाजार बंद असतो. जाण्यापूर्वी गिऱ्हाइकांची मागणी कागदावर लिहून न्यावी. परतताना लोकलभाडे, हमाली आणि बुडालेला दिवस मालाच्या किमतीत धरावा. तेवढे धरूनही पनवेलच्या घाऊक भावापेक्षा फायदा राहिला, तरच फेरी कामाची.